नथूने सोडलेला भात

पंगतीचा भात शिजवावा तर नथू घारेने, असं तिकोणा पेठेत आणि आसपासच्या वाड्यांत सगळेच म्हणत. लग्न असो, बारसं असो की कुणाचं तेरावं, चुलाणावर मोठं पातेलं चढायच्या आधी नथूला निरोप जायचा. इंद्रायणी तांदूळ मुळात चिकट. पण आधणात तांदूळ कधी सोडायचा आणि पेज कधी काढायची हे नथू नुसत्या वासावरून ठरवायचा, आणि अख्ख्या गावजेवणाचा भात ताटात मोकळा पडायचा.

हाच नथू गेल्या दीड वर्षापासून भाताचं शीतही तोंडात घालत नव्हता.

त्याचं कारण पवना धरणाच्या काठावर होतं. तिथे त्याच्या मुलाचे, सत्यमचे, तंबू होते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी यायची, रात्री तंबूत राहायची, आणि त्यांच्या जेवणाखाण्याचं नथू बघायचा. अशाच एका पाहुण्याने कोंबडी भाजताना त्याला सांगितलं की, भात, भाकरी, पोळी, साखर सगळं बंद केलं आणि माझी शुगर जागेवर आली. नथूला साखर होतीच. त्याने दुसऱ्या दिवसापासून सोडलं. अंडी, पनीर, मेथी, काकडी, मूठभर शेंगदाणे, ताक. पोट आत गेलं, विजारीला नाडी जास्त उरायला लागली, आणि कामशेतच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी निम्मी केली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते पुढे, कारण नथू बोलायला लागला.

पातेल्यापाशी उभा राहून तो लोकांना भात वाढायला लावायचा आणि वर म्हणायचा, "भात म्हंजी साखरंचं पोतं. खावा, खावा. नंतर दवाखान्यात गाठ पडंल." लोक हसायचे, खायचे. घरात त्याने तांदूळ ठेवू दिला नाही. भावाबरोबरचं भाताचं खाचर एकत्र होतं. आपल्या वाट्याचं भात त्याने थोरल्या भावालाच ठेवून घ्यायला सांगितलं. "दादा, माझा वाटा तुझ्याच कणगीत राहू दे. मला काय करायचाय?" बायको नंदाबाई वहिनीकडून ओच्यातून तांदूळ आणायची, आणि नथू तंबूंकडे गेला की उघड्या पातेल्यात भात करायची. कुकर लावला तर शिट्टी आळीत ऐकू जाईल म्हणून.

वैशाखात कामशेतला भावकीतलं एक लग्न होतं. थोरला भाऊ माऊली पंगतीत बसला होता. माऊलीच्या तोंडात दात उरले नव्हते आणि बसवलेली कवळी टोचायची, म्हणून ती कायम त्याच्या सदऱ्याच्या खिशातच असायची. वाढप्याने तिसऱ्यांदा भात टाकला तसा नथू पातेल्यापासून ओरडला, "आरं दादा, किती रं! मोतीबिंदूनं येक डोळा गेला, आता दुसरा बी भातानंच घालवतुस का?"

पंगत हसली. नथूलाही बरं वाटलं. माऊलीने भातावरून बोटं फिरवली, ढीग थोडा सपाट केला, आणि पाण्याचा तांब्या उचलून उठला. नथूने ते पाहिलं, पण तेवढ्यात कुणीतरी त्याला पनीरचा भाव विचारला.

श्रावणात नथूला संडासात रक्त दिसलं.

पहिल्यांदा त्याने ठरवलं, आपण बीट खाल्लं असेल. बीट तो खात नव्हता. मग ठरवलं, मूळव्याध असेल. गणपती गेले, नवरात्र गेलं, रक्त अधूनमधून येतच राहिलं. आता हे सांगायचं कुणाला? अख्ख्या गावाला तब्येतीचे धडे देणारा माणूस, आणि त्याचंच हे असं. नंदाबाईने एकदा विचारलं, "आवं, बादलीभर पानी कशापाई वतता?" तर त्याने तिलाच सुनावलं, "स्वच्छता नगं का?"

शेवटी भीती लाजेपेक्षा थोडी मोठी झाली. तंबूंसाठी कोळसा आणतो असं सांगून तो एकटाच लोणावळ्याला गेला. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, कॅमेरा आत घालून मोठं आतडं बघायला हवं. कोलोनोस्कोपी. साखरेची गोळी कधी घ्यायची, कधी थांबवायची, तेही त्यांनी सांगितलं. बाकीचं समजावायला समीक्षा नावाच्या सिस्टर होत्या.

"काका, आधीचे तीन दिवस नीट ऐका. पालेभाजी नाही, काकडी-टोमॅटो नाही, शेंगदाणे नाहीत, कुठलीही बी नाही. मऊ पांढरा भात, साल काढलेला बटाटा, ताक. आणि अगदी आदल्या दिवशी नुसतं पातळ. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत."

"भात?" नथू म्हणाला. "मी भात खात न्हाई."

"तीन दिवस खा."

"माझं डायट हाय, सिस्टर. दीड वरीस झालं."

"छानच आहे. पण तुमच्या डायटमधलं जे चांगलं, त्याचाच चोथा आतड्यात राहतो. मग कॅमेऱ्याला चोथाच दिसतो. तीन दिवसांनी काही होत नाही, काका. आणि बरोबर कुणाला तरी आणा, भूल देतात."

म्हणून सत्यमला सांगावं लागलं. पण नथूने त्याला सांगितलं ते एवढंच, की पोटाचा फोटो काढायचाय, वयाप्रमाणं काढत्यात. रक्ताचं नाव काढलं नाही. सत्यमने खाण्याचे नियम मात्र नीट विचारून घेतले आणि आईला सांगितले. नंदाबाईने तोंडावर पदर धरला, पण हसू डोळ्यांतून बाहेर आलंच.

"म्हंजी आता राजरोस शिजवू का भात?"

"दार लावून शिजव," नथू म्हणाला.

त्या तीन दिवसांतला पहिलाच दिवस नेमका नव्याचा आला. भाताची झोडणी उरकली की घाऱ्यांकडे नवं करतात. नव्या तांदळाचं पहिलं पातेलं थोरल्याच्या घरी चढतं, देवाला नैवेद्य जातो, आणि सगळी भावकी एका ओळीत बसून तो भात खाते. त्या दिवशी घास न घेता उठायचं नसतं. मागच्या वर्षी नथू नुसता हात जोडून उठला होता आणि त्याची गोष्ट त्याने पुढे महिनाभर सांगितली होती.

यंदाही भात त्यानेच शिजवला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, वास जास्त येतो. झाकण काढलं तेव्हा त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खरं म्हणजे सगळं जुळून आलं होतं. देवाचा दिवस होता, भावाचं घर होतं, आणि डॉक्टरही भातच खा म्हणत होते. नुसतं ताट पुढे करायचं होतं.

पंगत बसली. थोरली वहिनी अंबूबाई भाताची परात घेऊन त्याच्यापुढे थांबल्या. "भावजी, आज नवं हाय. दोन घास तरी घ्या."

पलीकडून भावकीतला विक्की म्हणाला, "आगं काकू, नथूभाऊला काय ईचारती? त्येंला भात वाढलास तर दवाखान्यात गाठ पडंल!"

सगळे हसले. नथूचेच शब्द होते. समोर सत्यम बसला होता. तो डोळ्यांनी खुणावत होता, घ्या, आबा, घ्या. नथूने त्याच्याकडे असं पाहिलं की पोराने मान खाली घातली. मग नथूने ताटावर आडवा हात धरला.

"नगं वैनी. आपला नेम तो नेम."

"बघा, ह्येला म्हनत्यात मानूस!" विक्की म्हणाला.

आणि त्या कौतुकावर नथू मेथीची भाजी जेवला, काकडीची कोशिंबीर जेवला, आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, काळी चटणी दोनदा मागून घेतली. ओळीच्या टोकाला माऊलीने देवाचा म्हणून एक घास घेतला, आणि दुधाची वाटी पुढे ओढली. नथूला ते दिसलं. त्याला वाटलं, दादाचं पोट भरलं असेल.

दुसऱ्या दिवशी नंदाबाईने दार लावून भात वाढला. त्याने दोन घास घेतले असतील, तेवढ्यात कुणीतरी बाहेरून हाक मारली, तर त्याने ताट पिठाच्या डब्यामागे सरकवलं, आणि तंबूंकडे निघून गेला. तिथे भूक लागली तसे खिशातले शेंगदाणे खाल्ले. चारच तर आहेत, असं प्रत्येक वेळी म्हणत.

तपासणीच्या आदल्या दिवशी औषधाची पावडर पाण्यात कालवून प्यायची होती, दोन लिटर. त्याच्या घरचा संडास आळीच्या तोंडावर, दाराची कडी वाजली की समोरच्या ओट्यावर कळायचं. तो तांब्या आणि औषधाची बाटली घेऊन तंबूंच्या जागी गेला. आडवार होता, शनिवार-रविवार नाही, त्यामुळे पाहुणे नव्हते. लिंबू सरबतात साखर घालायला सांगितली होती, ती त्याने घातली नाही; मग दुपारी हातापायांना कापरं भरलं तेव्हा सत्यमनेच दटावून साखरेचं सरबत पाजलं. धरणाच्या पाण्यासमोर, पाहुण्यांसाठी बांधलेल्या फरशीच्या संडासात, नथू जातच राहिला, येतच राहिला. जाताना प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की आता सगळं बाहेर आलं, आता आपण स्वच्छ.

लोणावळ्याला त्याला मागून उघडा असलेला हिरवा झगा घालायला दिला. तो भिंतीला पाठ लावून खाटेपर्यंत आडवा आडवा चालत गेला. समीक्षा सिस्टर म्हणाल्या, "काका, आम्हाला सवय आहे." त्याला नव्हती.

भूल उतरली तेव्हा डॉक्टर खाटेशी उभे होते आणि शेजारी सत्यम.

"काका, काय खाल्लं होतंत?"

"सांगितलं तेच," नथू म्हणाला.

"आत सगळीकडे काळं बी आहे. तिळासारखं, पण तीळ नाही. आणि पाला. नळीत अडकायला लागलं, आम्हाला अर्ध्यातून परत यावं लागलं."

सत्यम म्हणाला, "खुरासणी."

"एका ठिकाणी गाठीसारखं काहीतरी दिसलं. पण त्याच्यावरही तेच बसलंय. गाठ आहे की नुसती घडी, सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा करावं लागेल. टाळू नका, कारण रक्त जातंय त्याला आता चार महिने होत आले ना?"

नथूने डोळे मिटले. सत्यम बापाकडे बघतोय हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं.

परतताना दुधिवरे खिंड लागली. खिंडीत समोरून ट्रक आला म्हणून सत्यमने गाडी कडेला घेतली, आणि ट्रक गेल्यावरही पुढे काढली नाही.

"कवापासनं, आबा?"

"श्रावनापासनं."

"आन् आमाला पोटाचा फोटो?"

"पोराला काय सांगायचं असतंय व्हय असलं?"

"मग कुनाला सांगायचं असतंय?" सत्यम म्हणाला. मग समोरच्या रस्त्याकडे बघत, "नव्याच्या दिशी मी समोर बसलो व्हतो. सारखी खून करत व्हतो. विक्या हसंल म्हून तुमी खुरासनी खाल्ली. विक्या हसंल म्हून!" त्याने गाडी सुरू केली.

 पोटातलं ते काळं बी नथूला दिसत राहिलं. अख्ख्या गावाला दिसत असल्यासारखं.

घरी नंदाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. चुलीपुढे बसून म्हणाली, "ह्या खेपंला भात पायजे. घरात दाना न्हाई. तुमचा वाटा दादांच्या कणगीत हाय."

"तू घिऊन ये की. रोज आनतीस तसा ओच्यातनं."

"न्हाई," नंदाबाई म्हणाली. "तुमी सोडला, तुमीच जाऊन मागा."

दुसऱ्या तपासणीला तीन दिवस उरले, तसा तो पिशवी घेऊन दुपारी गेला, आळीत माणसं नसतात अशा वेळी. माऊलीच्या घराचं पुढचं दार उघडं होतं. नथू हाक न मारता आत शिरला, आणि माजघराच्या उंबऱ्यावर थांबला. माऊली भिंतीकडे तोंड करून एकटाच जेवत होता. ताटात भाकरीचे तुकडे ताकात भिजवलेले. एकेक तुकडा तो टाळूला दाबून बराच वेळ घोळवायचा, मग मान उंच करून गिळायचा. चुलीशी भाताचं वाफाळतं पातेलं होतं, पण ताटात भात नव्हता.

"दादा, भात न्हाई घेत?" नथूच्या तोंडून गेलं.

माऊलीने दचकून ताट झाकायला हात पुढे केला. खाणाऱ्या माणसाचा असा हात नथूला ओळखीचा होता. पिठाच्या डब्यामागे ताट सरकवताना त्याचाही हात असाच गेला होता.

"नगं वाटतुया आजकाल," माऊली म्हणाला. "बस की."

अंबूबाई चुलीपाशी होत्या. त्या नथूकडे न बघता म्हणाल्या, "नगं वाटत न्हाई. त्या कामशेतच्या लग्नापासनं सोडलाय. दात न्हाईत, भाकर चावत न्हाई, भाताशिवाय दुसरं गोड लागत न्हाई. डॉक्टर म्हनले साखर न्हाई तुमाला, खावा. तरी बी न्हाई. पंगतीला बी जात न्हाई. म्हनत्यात, चारचौघात परत कोन ऐकून घील?"

"गप गं," माऊली म्हणाला. "त्यो काय वाईट बोलला न्हवता. माज्या डोळ्याचंच बोलला."

वैशाखापासून. नथू त्यानंतर कितीतरी पंगतींना पातेल्यापाशी उभा राहिला होता आणि सगळ्यांना भाताबद्दल सांगत होता, आणि ओळीत आपला भाऊ नाही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

तो खाली बसला. पिशवी गुडघ्यावर ठेवली. काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, पण त्याला आयुष्यात मोठं बोलता यायचं ते फक्त भाताविरुद्ध.

"वैनी," तो म्हणाला, "मला तांदूळ पायजे. माज्या वाट्यातला."

अंबूबाईंनी आता मात्र वळून पाहिलं. "तुमाला? कशापाई?"

"खायाला." आणि मग, जे बायकोला चार महिने सांगता आलं नाही ते त्याने भावजयीसमोर, फरशीकडे बघत सांगितलं. "मला परसाकडंला रगत पडतंय. नळी घालून बघत्यात. त्येच्या आधी भात खायाचा आसतुय. मी खाल्ला न्हाई. लाजंनं. आत सगळी खुरासनी निघाली."

  माऊली हळूच म्हणाला, "लय दुखतंय का रं?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. लाज वाटती."

माऊलीने मान हलवली, जणू दुखण्याचं हे नाव त्याला माहीत होतं.

अंबूबाई तांदूळ आणायला उठल्या, पण नथूने त्यांना बसवलं. कणगीतल्या भाताचा कांडून ठेवलेला तांदूळ त्याने स्वतः काढला, धुतला, आणि त्याच चुलीवर चढवला. सिस्टर म्हणाल्या होत्या, मऊ हवा. जन्मभर ज्याने मोकळा भात केला, त्याने त्या दिवशी पाणी वाढवत वाढवत गुरगुट्या भात शिजवला, लहान पोराला देतात तसा. दोन ताटांत घातला. आणि ताटं उचलून माजघरातून बाहेर ओट्यावर नेली.

"हितं कशाला?" माऊली म्हणाला.

"हितंच."

तेवढ्यात विक्की मोटरसायकलवरून चालला होता. त्याने ब्रेक मारला. "आयला, नथूभाऊ! साखरंचं पोतं उघाडलं का काय?"

नथूच्या हातात घास होता. तो खाली ठेवावा असं त्याला फार वाटलं. "व्हय," तो म्हणाला. "बूड तपासायचंय माजं लोनावळ्याला. त्येच्यासाठी हाय. येतो का जेवायला?"

 "नगं नगं," म्हणत विक्कीने गाडी पुढे काढली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. नथू त्या दिवसांत बाजारात गेला तेव्हा दोघातिघांनी तोंडावर हसून घेतलं, आणि एका म्हाताऱ्याने बाजूला नेऊन दबक्या आवाजात विचारलं, त्या डॉक्टरचं नाव काय रं?

माऊलीने मात्र त्या दिवशी ओट्यावर भात खाल्ला नाही. ताट घेऊन तो पुन्हा आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून जेवला. पण सगळा खाल्ला.

दुसऱ्या तपासणीत आतडं स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी ती गाठ तिथल्या तिथेच काढली, पुढे तपासायला पाठवली, आणि ती साधी असल्याचं सत्यमला फोनवर कळवलं. सत्यमने ते आईला सांगितलं, आईने अंबूबाईंना. नथूपर्यंत ते सगळ्यांत शेवटी आलं, आणि ते त्याला बरोबरच वाटलं.

साखर होती, त्यामुळे भात त्याने पुन्हा बंद केला. पण आता कुणी वाढायला आलं की तो ताटावर हात धरत नाही. चमचाभर घेतो, खातो, आणि गप्प बसतो. माघात गावात लग्न झालं. मोठ्या पातेल्यातला भात नेहमीसारखा ताटात मोकळा पडला, लोकांनी वाखाणला. पंगत बसली तेव्हा नथूने ओळीवरून नजर फिरवली. माऊली नव्हता. त्याने स्वतः सकाळी जाऊन सांगितलं होतं, दादा, ये. माऊली 'बघतो' म्हणाला होता.

चुलाणाच्या कडेला निखाऱ्यांवर एक लहान पातेलं वेगळं ठेवलेलं होतं, गुरगुट्या भाताचं. नथूने ते फडक्यात धरलं आणि पंगतीच्या पुढून, सगळ्यांच्या देखत, आळीकडे निघाला.

"नथूभाऊ, कुटं चालला भात घिऊन?" कुणीतरी विचारलं.

"दादाकडं," तो म्हणाला, आणि पातेलं सावरत चालत राहिला.